लढाईची खतावणी आतां आपणच लिहूं या

शेतकरी व कारागीर बंधूंनो, मायबहिणींनो,

सातारा, पुणें, रत्नागिरी या बाजूच्या कित्येक गांवांत चावडीच्या नाहीं तर शाळेच्या भिंतींत बसविलेली एक दगडी पाटी दिसते. या गांवांतून इतके इसम १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच तिचा मजकूर. पुष्कळ ठिकाणीं तो इंग्रजींत कोरलेला आहे. म्हणजे ज्या माउलीचा लेक गेला तिलाच तो वाचतां येऊं नये! आणि नांवें? नांवें नाहींत, नुसता आंकडा. शेतकरी आपल्या बैलाला नांवानें हांक मारतो. पण साम्राज्यासाठीं मेलेल्या त्याच्या मुलाला दगडावर नांव मिळालें नाहीं.

आपल्याला जो इतिहास शिकविला जातो त्याचा ही पाटी म्हणजे नमुना आहे. लढाई, क्रांति आणि शांति या तीन गोष्टींचा अभ्यास जगांत शेंकडों वर्षें चालला आहे. त्यावर ग्रंथांच्या राशी पडल्या आहेत. त्या ग्रंथांत सेनापतीला नांव आहे, मंत्र्याला नांव आहे, तहावर सही करणाराला नांव आहे. ज्यानें नांगर सोडून बंदूक धरली, ज्या लोहारानें घोड्यांना नाल मारले, ज्या बाईनें मागें राहून शेत व पोरें सांभाळलीं, त्यांना बहुधा आंकडाच. आमचें म्हणणें असें कीं, हा हिशेब अर्धा आहे. आणि अर्धा हिशेब कोणाच्या सोयीचा असतो हें सावकाराच्या ओट्यावर बसलेल्यास सांगावें लागत नाहीं.

येथें कोणी विद्वान नाक मुरडतील. "मास्तर, ट्रेनिंग कॉलेजांत दोन वर्षें काढून तुम्ही खेड्यांतल्या पोरांस बेरीज-वजाबाकी शिकवितां. युद्ध आणि तह हे विषय तुमच्या आवाक्यांतले नव्हेत." बरें तर! बेरीज-वजाबाकीच करूं. खतावणी उघडूं आणि तीन पानें वाचूं. जमा कोणाच्या नांवें आहे आणि खर्च कोणाच्या नांवें आहे, एवढेंच पाहावयाचें.

लढाईचें पान

पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानांतून १३ लाखांवर माणसें गेलीं. त्यांत बंदूकवाले शिपाई होते, तसे हमाल, खेचरवाले, स्वयंपाकी, झाडूवाले व मजूरही होते. ७४ हजारांवर माणसें मेलीं. हीं कोणत्या घरांतलीं होतीं तें सांगावयास नको. शिवाय १९१७ सालीं हिंदुस्थान सरकारनें इंग्लंडला युद्धखर्चासाठीं दहा कोटी पौंडांची देणगी दिली. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ती ही अशी! ज्या रयतेवर तें ओझें पडणार होतें तिला कोणीं विचारलें?

एकच प्रकरण नीट पाहूं. इराकांत तैग्रिस नदीच्या कांठीं कूट नांवाचें गांव आहे. १९१५ सालीं जनरल टाउनशेंड सहावी पुणें डिव्हिजन घेऊन बगदादेवर चालून गेला. वरिष्ठांना बगदाद हवें होतें; पण फौजेजवळ पुरेशा बोटी नव्हत्या, औषधें नव्हतीं, जखमींना हलविण्याचीं साधनें नव्हतीं. नोव्हेंबरांत टेसिफोन येथें फार माणसें गमावून फौज कूटला मागें आली आणि तेथें तुर्कांनीं तिला वेढा घातला. तिच्यांत १०३, ११० व ११७ या नंबरांच्या मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. शिधा घटत घटत माणसें सांपळे झालीं. तिला सोडविण्यासाठीं जी दुसरी फौज धाडली तिचीं सुमारें २३ हजार माणसें मेलीं वा जायबंदी झालीं, आणि वेढा तसाच राहिला. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजीं हत्यारें खालीं ठेवलीं गेलीं. सुमारें १३ हजार माणसें कैद झालीं.

पुढची हकीकत ऐका. सेनापतीला कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर राहावयास बंगला मिळाला व तुर्कांनीं त्याची पाहुण्यासारखी सरबराई ठेवली. कैदेंत असतांनाच विलायतेच्या राजानें त्याला 'सर' केलें. सुटून गेल्यावर त्यानें १९२० सालीं आपल्या मोहिमेचें पुस्तक छापलें आणि त्याच सालीं तो पार्लमेंटांत निवडून आला. शिपायांना मात्र वाळवंटांतून पायीं हांकीत नेलें. जे वाटेंत पडले ते पडलेच. उरलेल्यांपैकीं पुष्कळांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलें. हजारों कैदेंतच मेले. १९१७ सालीं चौकशी-कमिशनच्या अहवालानें हिंदुस्थान सरकारच्या गैरव्यवस्थेवर ठपका ठेवला व भारतमंत्री चेंबरलेन यानें राजीनामा दिला. पण त्या राजीनाम्यानें कोणाची चूल पेटली?

त्याच कैद्यांत बंगालच्या रुग्णसेवा पथकांतील शिशिर सर्वाधिकारी होते. त्यांनीं टिपणें ठेवलीं आणि पुष्कळ वर्षांनीं 'अभी ले बगदाद' हें पुस्तक बंगालींत प्रसिद्ध केलें. त्यामुळें त्या कैदेची गोष्ट आपल्या बाजूनें थोडीबहुत कळते. आमच्या मावळी व कोंकणी गड्यांनीं काय पाहिलें, तें बहुतेक त्यांच्याबरोबरच गेलें. त्यांचा हात बंदुकीवर होता, लेखणीवर नव्हता.

मेल्यानंतरही पंक्तिभेद सुटला नाहीं. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं, हिंदी अंमलदारांचीं नांवें कोरलीं. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आंकडा घातला. तेथेंही आमच्या चावडीच्या पाटीचाच कित्ता! २०२१ सालीं, शंभर वर्षांनीं, त्या स्मारकांची देखरेख करणाऱ्या कमिशननें स्वतः चौकशी करून हा पक्षपात कबूल केला व क्षमा मागितली. पदकांचीही तीच तऱ्हा. लढणाऱ्या शिपायाला युद्धपदक चांदीचें, आणि हिंदी मजूर पथकांना तेंच पदक ब्राँझचें.

आणखी एक नोंद. कंपनी सरकारच्या पलटणींत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या लढले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारनें त्यांची भरतीच बंद केली. युद्धांत माणसें कमी पडूं लागलीं तेव्हां १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलें आणि १९२१ सालीं ती मोडली. दुसरें महायुद्ध आलें तेव्हां १९४१ सालीं महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. गरज सरो आणि वैद्य मरो म्हणतात तें हेंच. मरावयास बोलावतांना जात आड आली नाहीं. पगार आणि मान देण्याची वेळ आली तेव्हां मात्र आठवली.

क्रांतीचें पान

लढाईनें व करानें पिचलेली रयत उठते तेव्हां तिच्या उठण्याला कधीं बंड म्हणतात, कधीं क्रांति म्हणतात; कोण जिंकलें त्यावर तें नांव ठरतें. आपल्या पुष्कळांस वाटतें, क्रांति झाली कीं गरिबांचें राज्य आलें. पान उलटून पाहूं.

पांचशें वर्षांपूर्वीं जर्मनींत शेतकऱ्यांचें मोठें युद्ध झालें. तेथें कूळ मेलें कीं त्याच्या दावणीचें चांगलें जनावर जमीनदार ओढून नेई. रानांतलें लांकूड व नदींतला मासा जमीनदाराचा. १५२५ सालीं मेमिंगेन शहरांत शेतकऱ्यांच्या मागण्यांचीं बारा कलमें लिहिलीं गेलीं. लिहिणारा कोण? सेबास्टियन लोट्सर नांवाचा, केसाळ कातड्याचे डगले शिवणारा एक कारागीर! शापेलर नांवाचा धर्मोपदेशक त्याच्या साह्यास होता. गुलामगिरी काढा, वेठ कमी करा, गांवचें रान गांवाला द्या, मेलेल्याच्या घरावरची पट्टी बंद करा, आमचा धर्मोपदेशक आम्ही निवडूं, अशीं तीं कलमें. थोड्याच महिन्यांत त्यांच्या सुमारें २५ हजार प्रती छापल्या गेल्या. ज्या मार्टिन ल्यूथरनें पोपाच्या सत्तेविरुद्ध दंड थोपटले होते, त्यानेंच बंड पेटल्यावर या शेतकऱ्यांना ठार मारा असें राजांना सांगणारें पत्रक काढलें. ७० हजार ते एक लाख माणसें कापलीं गेलीं. देवाच्या दरबारांत सारे सारखे, असें सांगणारे पुष्कळ असतात. रानाच्या आणि जमिनीच्या वांटणींत सारखे म्हटलें कीं त्यांची वाचा बसते!

फ्रान्सकडे वळूं. १७८९ सालीं राजानें गांवोगांवच्या तक्रारी लिहून मागविल्या आणि लोकांनीं हजारों वह्या भरून दिल्या. तक्रारी लिहून काढल्या म्हणजे दुःखाला तोंड फुटतें. त्या उन्हाळ्यांत खेडीं पेटलीं. भेदरलेल्या सरदारांनीं ४ ऑगस्टच्या रात्रीं आपले हक्क सोडल्याची घोषणा केली. आठवडाभरांत कळलें कीं जमिनीवरचे पुष्कळ हक्क फुकट सुटलेले नाहींत. कुळांनीं किंमत भरून ते सोडवून घ्यावयाचे आहेत! शेतकऱ्यांनीं पैसा भरला नाहीं. चार वर्षें ते अडून बसले. तेव्हां कोठें १७ जुलै १७९३ च्या कायद्यानें ते हक्क मोबदल्याशिवाय रद्द झाले आणि हक्कांचे जुने कागद जाळून टाकण्याचा हुकूम निघाला.

कागद जाळण्यांतलें मर्म आमच्या शेतकऱ्याला समजावून सांगावें लागत नाहीं. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांत सुपें येथें रयतेनें सावकारांचीं कर्जखतें काढून जाळलीं, तेव्हां तिला फ्रान्सची गोष्ट कोणीं सांगितली नव्हती. तिचा रोख माणसांच्या जिवावर नव्हता, खतांवर होता. त्यानंतर चौकशी झाली आणि १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा आला. सरकारच्या कानाला रयतेची हांक ऐकूं येत नाहीं, पण जळत्या कागदाचा वास मात्र लागतो!

फ्रान्सच्या शेतकऱ्याला जमीन मोकळी मिळाली खरी. पण त्याच्याच पोरांना नेपोलियननें पलटणींत भरून १८१२ सालीं रशियाच्या बर्फांत नेलें. एका हातानें दिलें तें दुसऱ्या हातानें व्याजासह वसूल झालें.

आतां त्या रशियाचेंच पाहा. पहिल्या महायुद्धांत झारनें सुमारें दीड कोटी माणसें सैन्यांत ओढलीं. त्यांतले बहुतेक शेतकरी. १९१७ च्या मार्चांत पेट्रोग्राड शहरांत बायका भाकरीसाठीं रस्त्यावर आल्या. त्यांच्यावर गोळी झाडण्यास आणलेले शिपाईच त्यांना मिळाले आणि झार गादीवरून उतरला. ८ नोव्हेंबर १९१७ रोजीं नव्या बोल्शेविक सरकारनें दोन जाहीरनामे काढले, एक शांतीचा व एक जमिनीचा. जमिनीच्या जाहीरनाम्याला जोडलेलीं कलमें मंत्र्यांच्या डोक्यांतून निघालेलीं नव्हतीं. ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांनीं लिहून दिलेल्या २४२ मागणीपत्रांवरून तीं जुळविलेलीं होतीं. जमीन कसणाराची झाली. येथपर्यंत जमेची बाजू.

मग यादवी माजली. शहरें व फौज पोसण्यासाठीं हत्यारबंद टोळ्या गांवांत शिरल्या आणि कणग्या खरवडून नेऊं लागल्या. तांबोव प्रांतांतले शेतकरी १९२० सालीं उठले. ते फौजेनें चिरडले. १९२१-२२ च्या दुष्काळांत सुमारें ५० लाख माणसें मेलीं. मध्यें कांहीं वर्षें श्वास घेण्यापुरती सवड मिळाली. पुढें १९२९ पासून स्टॅलिननें शेतें सक्तीनें एकत्र केलीं, आणि १९३२-३३ सालीं युक्रेन, कझाकस्तान व इतर भागांत मिळून ५० लाखांहून अधिक माणसें अन्नावांचून गेलीं. त्याच वेळीं सरकार धान्य परदेशीं विकीत होतें. १९३२ च्या डिसेंबरांत शहरी लोकांना ओळखीचे दाखले देण्याचा कायदा झाला, त्यांतून गांवचा शेतकरी वगळला. दाखला नाहीं म्हणजे गांव सोडण्याची मोकळीक नाहीं. तो हक्क त्याला १९७४ सालच्या हुकुमानंतर मिळाला. झारही गेला आणि जमीनदारही गेला. शेतकऱ्याच्या पायांतली बेडी मात्र नव्या लोहाराकडून घडून आली.

यावरून क्रांति वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्या घरीं दोन वेळची भाकर आहे त्यानें उपाशी माणसाला धीर धरण्याचा उपदेश करूं नये. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तिन्ही देशांत शेतकऱ्यानें आपली मागणी स्वतः लिहिली किंवा लिहवून घेतली तेव्हां जगाला ती ऐकावी लागली. आणि लिहून झाल्यावर ज्या देशांत तो जागता राहिला, तेथें ती त्याच्या पदरांत पडली. जेथें राखणीचें काम त्याच्या हातून हिरावलें गेलें, तेथें मिळालेलेंही गेलें.

शांतीचें पान

हें पान सर्वांत कोरें आहे, म्हणून सर्वांत फसवें आहे. २८ जून १९१९ रोजीं व्हर्सायच्या राजवाड्यांतल्या आरसेमहालांत तहावर सह्या झाल्या. हिंदुस्थानच्या वतीनें दोघांनीं सह्या केल्या: भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंग. एक राज्यकर्त्यांचा मंत्री, दुसरा संस्थानचा राजा. ज्यांच्या घरचीं ७४ हजार माणसें मेलीं, त्यांच्यांतल्या कोणाला तेथें बोलावणें नव्हतें. लढावयास १३ लाख आणि सही करावयास दोघे. आयत्या बिळावर नागोबा!

तह होण्याअगोदरच घरीं बक्षीस मिळालें होतें. मार्च १९१९ मध्यें रौलट कायदा आला. १३ एप्रिलला अमृतसरच्या जालियनवाला बागेंत गोळ्या चालल्या. ज्या पंजाबनें सर्वांत अधिक शिपाई दिले, तोच हा पंजाब. त्यापूर्वीं १९१८ सालीं जहाजांबरोबर इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई बंदरांत उतरली आणि देशांत एक कोटीहून अधिक माणसें गेलीं. त्याच सालीं पाऊस बुडाला, धान्याला सोन्याचा भाव आला. अर्धपोटीं माणसाला ताप लवकर खातो. हे मेलेले कोणत्याही पाटीवर नाहींत, आंकडासुद्धां नाहीं.

आणि ती शांति टिकली किती? वीस वर्षें. १९३९ सालीं दुसरें युद्ध पेटलें. त्यांत १९४३ सालीं एकट्या बंगाल्यांत सुमारें ३० लाख माणसें भुकेनें व रोगानें मेलीं. इतिहासांत त्याला दुष्काळ म्हणतात. आम्ही म्हणतों, तीही लढाईच्याच खर्चाची बाब. ती त्या पानावर मांडा. तोफा गप्प बसल्या म्हणजे शांति झाली असें समजणें, म्हणजे रोग्याचें कण्हणें थांबलें म्हणजे तो बरा झाला असें समजण्यासारखें आहे. तो मेलाही असेल!

शौर्याचा अपमान होतो काय?

कोणी म्हणतील, मास्तर, असें लिहून तुम्ही आमच्या शूर जवानांचा उपमर्द करितां. उलट आहे! इटलींत १० जुलै १९४४ रोजीं यशवंत घाडगे यांनीं प्राण दिले आणि ९ एप्रिल १९४५ रोजीं नामदेव जाधव यांनीं जखमी सोबत्यांना गोळ्यांतून उचलून आणलें. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीं नांवें आम्ही वर्गांत मोठ्यानें घेतों. पण एका नांवामागें हजारों नांवें झांकलीं जावीं, हा शौर्याचा सन्मान नव्हे. शूराची खरी अवहेलना तो करतो, जो सभेंत त्याच्या मिशीला तूप लावतो आणि त्याच्या विधवेच्या पेन्शनचा कागद सहा महिने टेबलावर पडूं देतो. युद्धाची भाषा ज्यांच्या तोंडीं फार असते त्यांच्या घरचीं पोरें भरतीच्या रांगेंत किती उभीं आहेत, हें ज्याचें त्यानें मोजावें.

तर मग करावयाचें काय?

मोठें कांहीं नको. पहिलें काम: ज्या गांवांत अशी पाटी आहे तेथें तिच्या आंकड्यापुढें नांवें लिहा. पाटी नसेल तर गांवच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. घरांत जुन्या पेटीच्या तळाशीं पदक असेल. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नांव व पलटण कोरलेली असते. सोनाराच्या मुशींत घालण्यापूर्वीं तें मुलाकडून वाचून घ्या. चुलत्याचें पत्र, पेन्शनचें पुस्तक, गांवांतून कोण गेलें, कोण आलें, मागें शेत कोणीं केलें, गहाण काय पडलें, हें सारें एका वहींत उतरवा. पहिलें नांव महाराचें, मांगाचें, रामोशाचें निघालें तर तेंही त्याच मानानें वर लिहा. आणि बायांचीं नांवें विसरूं नका. घरधनी तिकडे लढत असतां इकडे सारा भरणारी तीच होती.

दुसरें काम: मुलगा इतिहासाचें पुस्तक घेऊन बसला कीं निरक्षर आईनेंही त्याला तीन प्रश्न विचारावे. ही लढाई कोणाला हवी होती? तिची किंमत कोणीं भरली? आणि तहाच्या बैठकींत कोण बसलें होतें? ज्या धड्यांत या तीन प्रश्नांचीं उत्तरें नसतील तो धडा अपुरा समजावा, मग तो कितीही मोठ्या पंडितानें लिहिलेला असो. तेच प्रश्न आजच्या वर्तमानपत्राला विचारावे, व्यासपीठावरच्या वक्त्याला विचारावे, आणि मत मागावयास दारीं येणाऱ्याला तर हटकून विचारावे.

मेमिंगेनच्या त्या कारागिराला पांचशें वर्षांपूर्वीं जें साधलें, तें आज गांवोगांव शाळा असतां आपणांस कां साधूं नये? सुईदोरा चालविणाऱ्या त्याच्या हातानें बारा कलमें लिहिलीं. आपला हात तर नांगर धरतो, हातोडा धरतो, माग चालवितो. तीन पानांची वही त्याला जड नाहीं. दुसऱ्यानें लिहिलेल्या खतावणींत आपण आजवर अंगठे उठवीत आलों. येत्या बाजारच्या दिवशीं मीठमिरचीबरोबर एक कोरी वही आणा, आणि पहिल्या पानावर गांवांतून लढाईस गेलेल्या पहिल्या माणसाचें नांव लिहा.

आपला,
एक खेड्यांतला शिक्षक